यिर्मया ३१ मधला 'नवा करार' यहुदी का मानत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की यिर्मया या बायबलमधल्या संदेष्ट्याने नव्या कराराचं, म्हणजे देव आपल्या लोकांशी नव्याने बांधणार असलेल्या नात्याचं, भाकीत एवढं स्पष्ट केलं असताना यहुदी ते का नाकारतात. यहुदी भाकीत नाकारत नाहीत. ते पूर्ण झालंय, हे नाकारतात.

आधी यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातली ३१ ते ३४ ही वचनं वाचा आणि तिथे न थांबता ४० पर्यंत जा. (काही यहुदी आवृत्त्यांत क्रमांक एकाने मागे असतो आणि सप्तती या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच अध्याय ३८वा आहे.)

ख्रिस्ती वाचनाचा आधार भक्कम आहे. लूक २२:२० मध्ये येशू शेवटच्या भोजनाच्या प्याल्याला आपल्या रक्तातला नवा करार म्हणतो. इब्री लोकांस पत्राचा ८वा अध्याय ही चारही वचनं उद्धृत करतो आणि पहिला करार जुना झाला असं ठरवतो.

यहुदी वाचक विचारतो, करार कुणाशी? इस्राएल आणि यहूदा यांच्या घराण्यांशी. हृदयावर काय लिहिणार? 'माझं नियमशास्त्र', म्हणजे तोराच, मोशेला दिलेलं नियमशास्त्र. ३२व्या वचनात दोष कराराला नाही, तो मोडणाऱ्यांना दिलाय. म्हणजे मजकूर तोच. दगडावरचा मनावर येणार, म्हणून मोडणार नाही. १३व्या शतकातले यहुदी भाष्यकार नाहमानिदेस याची सांगड बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या ३०:६ शी घालतात: मशीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याच्या, काळात वाईटाची ओढच उरणार नाही. शिवाय ३४वं वचन म्हणतं, 'परमेश्वराला ओळखा' असं कुणी शेजाऱ्याला शिकवणार नाही. आज शिकवावं लागतंय, म्हणजे तो दिवस यायचाय.

यावर ख्रिस्ती उत्तर असं की करार क्रुसावर सुरू झाला, पूर्णत्व येशूच्या पुनरागमनाच्या वेळी. हे उत्तर मला पोकळ वाटत नाही. अडचण पुढे आहे. इब्रीपत्रातलं अवतरण ३४ला थांबतं, आणि ३५ ते ३७ सांगतात की सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नियम टळतील तरच इस्राएलचा वंश राष्ट्र म्हणून संपेल. 'मंडळीने (म्हणजे चर्चने) इस्राएलची जागा घेतली' ही शिकवण इथे अडखळते. प्रेषित पौल तर रोमकरांस पत्राच्या ११:२९ मध्ये देवाचं पाचारण मागे घेतलं जात नाही असंच म्हणतो, आणि १९८० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जर्मनीतल्या माइन्झ इथे इस्राएलशी केलेला जुना करार देवाने कधीच रद्द केला नाही असं म्हटलं.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. कैरोच्या गनीझात (सभास्थानातल्या जुन्या हस्तलिखितांच्या कोठारात) आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेला 'दमास्कस दस्तऐवज' ख्रिस्तपूर्व काळातला आहे. तो लिहिणारा यहुदी पंथही 'दमास्कस देशातला नवा करार' असं म्हणतो, आणि त्या करारात शिरणं म्हणजे शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), शुद्धी, सण हे मोशेचे नियम अधिक काटेकोर पाळणं.