उताराच्या जमिनीचे प्रश्न, थोडी लांबलेली उत्तरं

मागच्या अंकात उतारावरच्या शेतीबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, प्रश्नांचा ढीगच येऊन पडला. बरेचसे तेच ते होते, म्हणून चार निवडलेत. एकाचं उत्तर फारच लांबलंय, पण तो विषयच तसा आहे.

प्रश्न : सर, आमची जमीन चांगलीच उताराची आहे, दर पावसाळ्यात माती जाते आणि वरच्या अंगाला आता दगड दिसायला लागलेत. सगळे म्हणतात कंटूर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत जाणारी आडवी ओळ, काढा, त्यावर झाडं-गवत लावा. कंटूर काढायला सर्वेअर लागतो का? आणि एवढं करून खरंच फरक पडतो का?

सर्वेअर वगैरे काही नको. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड, झाली ए-फ्रेम तयार. साधारण दोन मीटरच्या सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधायच्या, पाय फाकवायचे, मधे आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. आता यात एक स्टेप आहे जी निम्मे लोक गाळतात आणि मग कंटूर तिरका गेला म्हणून काठ्यांना दोष देतात! ती म्हणजे मध्य काढणं. दोन खुंट्या ठोका, त्यांवर पाय ठेवा, दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा, मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा, आणि दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी. दोरी त्या तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत खुंट्या मारत जायचं. वारा असेल त्या दिवशी हे काम काढू नका, दगड हलत राहतो आणि माणूस वैतागतो. पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारा हायड्रोमार्कर असेल तर त्यानेही होतं. खुंट्यांची ओळ फारच वाकडीतिकडी आली तर एखाद-दुसरी थोडी वरखाली सरकवून नांगर फिरेल अशी करून घ्या, इतक्याने बिघडत नाही.

दोन ओळींत अंतर किती, तर एका ओळीपासून दुसरी उभ्या उंचीत साधारण एक मीटर खाली यावी असा हिशोब धरा. 20 टक्के उतार म्हणजे 100 मीटर आडव्या अंतराला 20 मीटर चढ, तिथे ओळी पाच-पाच मीटरवर येतील. उतार कमी तर अंतर जास्त.

फरकाचं म्हणाल तर आधी जाणाऱ्या मातीचा हा हिशोब बघा. एक हेक्टरवरची एक मिलिमीटर माती म्हणजे 10 घनमीटर, वजनात साधारण 12-13 टन. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही हो, म्हणून तर दगड उघडे पडेपर्यंत कुणाला काही वाटत नाही.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी कंटूरवर सुबाभळीच्या दाट ओळी लावल्या. माती अडते आहे हे खरं, पण प्रत्येक ओळीच्या लगेच खालच्या बाजूचं पीक पिवळं आणि खुजं राहतं. शिवाय छाटणीने जीव जातो. आमचं काय चुकलं?

चुकलं काही नाही, तुम्ही अगदी त्याच रस्त्यावर आहात ज्यावरून ही पद्धत स्वतः गेली आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

कंटूरवर दाट झुडपांच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यांत पिकं, ही जी पद्धत सॉल्ट (उताराच्या शेतजमिनीचं तंत्र, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) या नावाने जगभर गेली ती 1970 च्या दशकात फिलिपिन्समधे मिंडानाओ बेटावर तयार झाली, हॅरोल्ड वॉटसन आणि तिथल्या ग्रामीण केंद्रातल्या लोकांनी ती बसवली, वॉटसनना 1985 मधे मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. अर्ध्या मीटरवर नत्र धरणाऱ्या झुडपांच्या दोन-दोन ओळी, महिना-दीड महिन्याने छाटणी, छाटलेला पाला पट्ट्यात खत म्हणून, आणि दर तिसऱ्या पट्ट्यात फळझाडं-कॉफीसारखं कायमचं पीक. कागदावर फारच देखणं. सुरुवातीला सगळा भर सुबाभळीवर होता आणि 1980 च्या दशकात तिच्यावर सायला किडीचा असा हल्ला झाला की ओळीच्या ओळी निष्पर्ण झाल्या. तेव्हापासून गिरीपुष्प, फ्लेमिंजिया, रेन्सोनी अशा नत्र धरणाऱ्या जातींची मिसळ लावायला सुरुवात झाली. तुम्हीही जिथे मर पडली असेल तिथे गिरीपुष्पाच्या फांद्या टोचा, एकाच जातीवर बसून राहू नका.

आता पिवळ्या पिकाचं. तुम्ही पट्टा नांगरता तेव्हा दर वेळी थोडी माती खालच्या बाजूला सरकते, पाऊस न पडताही, नुसत्या नांगराने. ती जाऊन खालच्या ओळीच्या वरच्या अंगाला साठते, आणि पट्ट्याचा वरचा भाग, म्हणजे तुमच्या झुडपांच्या लगेच खालचा, सोलवटून निघतो. तिथे आता खालची निकस माती वर आली आहे. म्हणजे जमीन आपोआप टप्प्याटप्प्याची होते आहे, जे आपल्याला हवंच होतं, फक्त त्याची किंमत वरची कड मोजते आहे, त्यात झुडपांची मुळं आणि सावली आहेच. उपाय सोपा आहे पण सवयीच्या विरुद्ध आहे. पाला आणि शेणखत पट्टाभर सारखं पसरू नका, निम्म्याहून जास्त त्या वरच्या कडेला टाका. नांगरट कमी करा, आणि करायचीच तर आडवी आणि माती चढाच्या बाजूला पडेल अशी. दोन-तीन हंगाम त्या कडेला द्विदल घ्या, जड खाणारं पीक नको.

छाटणीबद्दल तुम्ही लिहिलंत तेच फिलिपिन्समधल्या शेतकऱ्यांनी पायांनी सांगितलं, म्हणजे बऱ्याच जणांनी ओळी सोडून दिल्या. मिसामिस ओरिएंटल प्रांतातल्या क्लावेरियामधे काही शेतकऱ्यांनी वेगळंच केलं, कंटूरवर 40-50 सेंटीमीटरची पट्टी फक्त नांगरायची सोडली. रोपं नाहीत, बी नाही, खड्डे नाहीत. जे गवत यायचं ते आलं आणि माती अडली. इक्राफ या शेती-वनीकरणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांचं शहाणपण हे की त्यांनी ते बघितलं आणि पुढे तेच सांगायला सुरुवात केली. मला विचाराल तर नवीन माणसाने इथूनच सुरू करावं, आधी गवताची पट्टी, वर्ष-दोन वर्षांनी तिच्यावर फळझाड किंवा इमारती लाकूड. तुमच्याकडे ओळी उभ्याच आहेत तर एक आड एक ओळ राखा, बाकीच्यांची गवतपट्टी होऊ द्या, छाटणी निम्म्यावर येईल. (पट्टी जिथे शेताला फार तण देते असं वाटेल तिथे वाळा लावा, तो मुळं खोल सोडतो आणि आजूबाजूला पसरत नाही.)

प्रश्न : एकाच उतारावर आमची अकरा कुटुंबं आहेत. गट केला, मीटिंग झाल्या, फोटो झाले, रोपं पण मिळाली, पण सगळ्यात वरचा शेतकरी तयार नाही आणि त्याचं पाणी आमच्या ओळी फोडून खाली येतं. मोकळी जनावरं आहेत ती वेगळीच. काय करावं?

वरच्या माणसाला आधी एक प्रश्न विचारा, जमीन त्याच्या नावावर आहे की तो दुसऱ्याची कसतो? कारण पुढच्या वर्षी जमीन हातात राहील की नाही हे ज्याला माहीत नाही तो झाड लावणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. फिलिपिन्समधे 18 टक्के आणि त्याहून जास्त उताराची जमीन 1975 पासून कायद्यानेच खासगी मालकीला बंद आहे, लाखो लोक तरी ती कसत होते, म्हणून सरकारला आधी 1982 पासून कुटुंबांना आणि 1995 पासून गावगटांना 25-25 वर्षांचे करार द्यावे लागले. तुमच्या इथे कसणारा दुसरा असेल तर मालकाशी निदान पाच-सात वर्षांचं लेखी बोलणं करून द्या, गटाने मधे पडून. त्याला झाडं नकोत तर गवतपट्टी चालेल, तिला काही लागत नाही.

आणि पाण्याला वाट ठेवली आहे का? नुसतं अडवत सुटलं तर जास्तीचं पाणी सगळ्यात कच्च्या ओळीतून फोडून जाणारच. उतारावर जो नैसर्गिक ओघळ आहे तो कुणीही नांगरायचा नाही, गवताखाली ठेवायचा, त्यात थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडी बांध घालायचे. हा ओघळ अकरा शेतांमधून जातो म्हणजे करार अकरांचा, इथे गटाचं खरं काम आहे. रोपं वाटणं हे काम नव्हे!

गट म्हणाल तर लँडकेअर बघा, म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून आपली जमीन राखायची, 1986 मधे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सुरू झालेली कल्पना, 1996 मधे क्लावेरियातही तसे गट उभे राहिले. तिथे एका शेतकऱ्याचं शेत दुसऱ्याने बघायचं, मदतीला एकमेकांच्या शेतावर जायचं, असं चाललं. जनावरांचं तसंच, चराईबंदी कागदावर करून उपयोग नाही, आधी पट्ट्यांवरचा चारा कापून त्याच जनावरवाल्यांना द्यायला सुरुवात करा, पहिली दोन वर्षं फुकट. दावणीला चारा मिळाला की बंदीला विरोध बराच निवळतो.

प्रश्न : उत्पन्न कधीपासून वाढेल?

पहिल्या वर्षी बहुधा कमीच होईल. पाच मीटरवर अर्ध्या मीटरची पट्टी सोडली तर दहावा हिस्सा जमीन पिकाखालून गेली, हे तुम्हाला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. ती पट्टी चारा देत असेल तर तूट भरून निघते, नुसतीच शोभेची ठेवलीत तर नाही. फळझाडं हाताशी यायला चार-पाच वर्षं धरा, आणि तोपर्यंत सगळी जमीन एकदम काढू नका, वरच्या दोन-तीन ओळींपासून सुरू करा.