वायफाय तेच, मग स्क्रीन का सापडत नाही?

प्रश्न : मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वर्गात नवीन डिस्प्ले बसवलाय, वायर न लावता फोनची स्क्रीन त्यावर दिसते म्हणे. घरी माझा फोन टीव्हीला चटकन जोडला जातो, शाळेत मात्र दोन्ही एकाच वायफायवर असून डिस्प्लेचं नावच येत नाही, आणि कधी आलंच तर मधेच तुटतं. फोन बदलू का? आणि मुलांना त्यांची स्क्रीन दाखवू द्यावी का?

उत्तर : मॅडम, फोनवर पैसे घालू नका, तो बिचारा ठीक आहे. वायरशिवाय स्क्रीन पाठवायचे ॲपलचं एअरप्ले आणि गूगल कास्ट हे दोन्ही प्रकार साधारणपणे नेटवर्कवर हाका मारून डिस्प्ले शोधतात, आणि शाळेच्या वायफायवर बरेचदा क्लायंट आयसोलेशन चालू ठेवलेलं असतं, म्हणजे इंटरनेट सगळ्यांना मिळतं पण एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसत नाही. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, फक्त तुमची हाक तिथेच अडते. कधी नाव एकच असलं तरी शिक्षकांचे फोन आणि डिस्प्ले आतून वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगळे कप्पे) असतात, तरी तेच होतं. नेटवर्क बघणाऱ्यांना सरळ विचारा, 'आयसोलेशन आहे का, आणि एमडीएनएस पलीकडे जातं का?' एमडीएनएस म्हणजे तीच डिस्प्ले शोधायची हाक, एवढ्यावर त्यांना कळेल.

स्क्रीन पाठवायचा तिसरा प्रकार मिराकास्ट, त्याचं वेगळं आहे. २०१२ साली आलेलं हे तंत्र वायफाय डायरेक्ट वापरतं, म्हणजे दोन डिव्हाइस थेट जोडली जातात, मधे राउटर लागत नाही, विंडोज लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबली की यादी येते. पण आयफोनवर ते नाही, गूगलच्या पिक्सेल फोनवरही नाही. म्हणून डिस्प्ले नक्की काय काय घेतो ते आधी बघा.

मधेच तुटण्याचं कारण बहुतेक गर्दी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि शेजारच्या सगळ्या वर्गांचं वायफाय त्यातच घुसलेलं, त्यामुळे शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

विज्ञानाच्या तासाला याची खरी मजा मायक्रोस्कोपला आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावायची, फोनचा कॅमेरा आयपीसवर धरायचा, आणि पेशींच्या भिंती मागच्या बाकापर्यंत दिसतात, नाहीतर अर्धा तास रांगेतच जातो (आणि पुढचा कोणीतरी फोकस हलवून ठेवतो तो वेगळाच). पेनने समीकरण लिहिताना मात्र रेघ जरा उशिरा उमटते, तिथे मी तरी अजून फळाच वापरीन.

मुलांना जरूर दाखवू द्या, गणित कुठे अडलं ते त्याच्याच वहीचा फोटो पडद्यावर आला की सगळ्यांना कळतं. पण जोडताना पिन विचारणं चालू ठेवा आणि डिस्प्लेला 'नववी ब' असं नाव द्या, नाहीतर यादीत सगळी नावं सारखी दिसतात आणि तुमची उत्तरपत्रिका शेजारच्या वर्गात उघडते. स्वतःचा फोन जोडण्याआधी डू नॉट डिस्टर्ब लावायचं, घरचे मेसेज अख्ख्या वर्गाने वाचायला नकोत. लॅपटॉपवर डुप्लिकेटऐवजी (दोन्हीकडे तेच) एक्स्टेंड (पडदा म्हणजे वेगळी दुसरी स्क्रीन) निवडलंत तर मार्कांची शीट तुमच्याच स्क्रीनवर राहते.

आणि हो, एचडीएमआय केबल टेबलाच्या खणातून काढू नका, तपासणीच्या दिवशी तीच लागते.