गेमिंग आणि मशीन लर्निंग दोन्ही करायचंय, तर आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की १६ जीबीचं ५०६० टीआय?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, गेमिंगची आवड आहे आणि प्रोजेक्टसाठी द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून डावणी आणि भुरी हे रोग ओळखणारं मॉडेल करायचंय. दुकानदार ५०७० घ्या म्हणतोय, तुमचा कल ५०६० टीआयकडे आहे. मी सांगलीतच बेदाण्याच्या फोटोंवर प्रतवारीची मॉडेल्स ट्रेन करतो. माझं मत ठाम आहे: १६ जीबीचं ५०६० टीआय घ्या.

वेगात ५०७० पुढे आहे, यात वाद नाही. त्याची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ६७२ जीबी, ५०६० टीआयची ४४८. पण मेमरी १२ जीबीच. गेममध्ये मेमरी कमी पडली तर टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की भागतं. ट्रेनिंगमध्ये कमी पडली की 'कुडा आउट ऑफ मेमरी' असा एरर येतो (कुडा म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवर गणितं चालवणारी प्रणाली) आणि प्रोग्रॅम जागीच थांबतो.

तुम्ही म्हणाल, रेसनेट-५० हे फोटो ओळखणारं एवढंसं मॉडेल, त्याला १६ जीबी कशाला? मॉडेल छोटंच आहे, अडीच कोटी पॅरामीटर (मॉडेल शिकतं ते आकडे), म्हणजे जेमतेम १०० एमबी. मेमरी खातात ती ट्रेनिंगच्या वेळी प्रत्येक थराची साठवून ठेवावी लागणारी आउटपुट्स, आणि ती फोटोच्या आकाराबरोबर वाढतात. डावणीचे सुरुवातीचे तेलकट डाग बारीक असतात. मोबाइलवर काढलेला अख्ख्या पानाचा फोटो २२४ पिक्सेलवर आणला की ते पुसले जातात, आणि रोग पसरल्यावरच ओळखणाऱ्या मॉडेलचा बागायतदाराला काय उपयोग? म्हणून फोटो मोठा ठेवावा लागतो. बाजू दुप्पट केली की मेमरी साधारण चौपट लागते. २२४ वर ३२ फोटोंची बॅच (मॉडेलला एका वेळी दिलेला गठ्ठा) ८ जीबीतही बसते; ८९६ वर तीच बॅच १६ जीबीतही मावत नाही, कमी करावीच लागते. ती दोन-तीन फोटोंवर आली की बॅच नॉर्मलायझेशन (बॅचच्या सरासरीवरून आकडे समतोल करणं) बिघडतं, आणि ग्रेडियंट अॅक्युम्युलेशन (छोट्या बॅचचे बदल साठवून एकदम लावणं) लावूनही ते सुधारत नाही. बेदाण्याच्या ट्रेच्या फोटोंशी माझी हीच झटापट चालते. अशा वेळी वरचे ४ जीबी फार कामाला येतात.

भाषेच्या मॉडेलचंही तेच. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये नुसतं उघडायलाच १४ जीबी लागतात.

गेमिंगची काळजी करू नका, १०८० पी वर ५०६० टीआय छान चालतं. मात्र याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं, तेव्हा बिलावर '१६ जीबी' लिहून घ्या. एएमडीची १६ जीबीची कार्डं गेमसाठी चांगली आहेत, पण शिकताना हाताशी येणारा बहुतेक कोड कुडा धरूनच लिहिलेला असतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात ती झगडाझगड नको. बजेट ताणलं जात असेल तर १२ जीबीचं ३०६० बघा (त्यातही ८ जीबीचं एक आहे, ते टाळा).

कार्ड आल्यावर मॉडेल ट्रेन करायची लायब्ररी पायटॉर्च, तिची आवृत्ती २.७ किंवा पुढचं, कुडा १२.८ वालं टाका; जुन्या आवृत्त्यांवर ५० सिरीज चालत नाही.

आता आपल्याकडच्या गोष्टी. ट्रेनिंग रात्रभर चालतं आणि पावसाळ्यात लाइट कधीही जाते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. एकट्या कार्डाचेच १८० वॅट, त्यामुळे १००० व्हीएचा घ्या आणि दर इपॉकला (सगळ्या फोटोंवरून एक फेरी झाली की) चेकपॉइंट, म्हणजे तिथवरचं मॉडेल, सेव्ह करा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मी कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणतो. वेग थोडाच घटतो, पण खोलीत बसवतं.

पैसे देण्याआधी एक करा. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून कोड चालवायची सेवा) फुकट मिळणाऱ्या टी-४ कार्डालाही १६ जीबीच मेमरी आहे. तुमचे खरे फोटो, तुम्हाला हवा तो आकार घेऊन तिथे एक इपॉक चालवा आणि पायटॉर्चमधला 'मॅक्स मेमरी अलोकेटेड'चा, म्हणजे जास्तीत जास्त किती मेमरी लागली त्याचा आकडा बघा. तो १० जीबीच्या आत राहिला आणि पुढेही याच आकाराचं काम करणार असाल, तर ५०७० खुशाल घ्या.