त्रुटी एकदाच आणि लेखी: बांधकाम परवानगीविषयी वाचकांचे प्रश्न

बांधकाम परवानगी, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे हे सांगणारा दाखला) आणि विकास आराखडा (शहरातील रस्ते, आरक्षणे व जमीन वापर ठरवणारा नकाशा) यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही उत्तरे बृहन्मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रासाठी आहेत, कारण मुंबईची विकास नियंत्रण नियमावली स्वतंत्र आहे.

प्रश्न: नगरपरिषदेच्या हद्दीत आमचा 120 चौरस मीटरचा भूखंड आहे. त्यावर राहण्यापुरते घर बांधायचे आहे. परवानगीला काही महिने लागतील असे सर्वजण सांगतात. हे खरे आहे का?

तुमच्या भूखंडाच्या बाबतीत तसे असण्याचे कारण नाही. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजेच यूडीसीपीआरमध्ये, लहान घरांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमाप्रमाणे तयार केलेला नकाशा व कागदपत्रे सादर करून विकास शुल्क आणि इतर देय रकमा भरल्या की ती पावती हीच परवानगी समजली जाते. 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

मात्र या सोयीचा एक अर्थ अनेकांच्या लक्षात येत नाही. येथे कार्यालयाची आगाऊ तपासणी कमी झाली आहे, नियम कमी झालेले नाहीत. सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) सोडले नाही किंवा चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम क्षेत्र) परवानगीपेक्षा वाढवले, तर हातात पावती असली तरी ते बांधकाम अनधिकृतच ठरते. म्हणून पैसे भरण्याआधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणी नकाशा आणि झोन दाखला हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. उताऱ्यावरील क्षेत्र आणि मोजणीतील क्षेत्र यांत फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. माझ्या अनुभवात रखडलेल्या फायलींपैकी कितीतरी फायलींची अडचण याच फरकात असे, आणि ती नकाशा कितीही चांगला काढला तरी सुटत नसे.

प्रश्न: आमच्या प्रस्तावाला आतापर्यंत चार वेळा त्रुटीपत्र आले. एका त्रुटीची पूर्तता केली की दुसरी काढली जाते. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरता येते, असे ऐकले आहे. तसे धरून काम सुरू करावे का?

घाईने सुरू करू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45(5) मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची, तरतूद आहे हे खरे. परंतु हे साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून, किंवा कार्यालयाने मागितलेल्या माहितीचे तुमचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेथून मोजले जातात. म्हणजेच प्रत्येक नव्या त्रुटीपत्राने ही मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकते. शिवाय प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी पूर्णतः सुसंगत असेल तरच मानीव परवानगीचा आधार मिळतो. म्हणून या कलमाच्या भरवशावर पाया खणण्याऐवजी प्रस्ताव प्रत्येक नियमाशी जुळतो असे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे आणि कार्यालयाला मुदत संपल्याचे पत्राने कळवावे.

प्रत्येक उत्तर आवक क्रमांक व दिनांक असलेल्या पोचसह द्यावे. तोंडी सांगितलेली त्रुटी स्वीकारू नये, कोणत्या नियमान्वये कोणता कागद हवा आहे हे लेखी मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार स्वतःच्या फाईलचे निरीक्षण करता येते, आणि त्यावरील टिपणी वाचली की फाईल नेमकी कोणत्या टेबलावर व कशासाठी थांबली आहे हे कळते. विलंब कायम राहिला तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली मुदत संपल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील करावे. दुसरे अपीलही त्याच प्राधिकरणात होते, तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाते, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. परवानगी लेखी नाकारली गेली किंवा तिला जाचक अटी घातल्या गेल्या, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

येथे कार्यालयांनाही एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. छाननी एकदाच, संपूर्ण आणि एकाच पत्रात व्हायला हवी. पहिल्या पत्रात दिसायला हवी होती अशी त्रुटी चौथ्या पत्रात निघत असेल, तर त्या तीन फेऱ्यांचा खर्च नागरिकाच्या घरभाड्यातून आणि कर्जाच्या हप्त्यातून जातो. परवानगीची प्रक्रिया ऑनलाइन केल्याने खेटे कमी होतात, पण त्रुटी तुकड्यातुकड्याने काढण्याची सवय संगणकावरही तशीच चालू राहू शकते. आवश्यक कागदांची एकच यादी कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी आणि यादीबाहेरचा कागद मागताना नियमाचा क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न: गावठाणाला लागून माझी शेतजमीन आहे. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत एनए (बिनशेती परवानगी) लागत नाही असे ऐकले, मग घर थेट बांधता येईल का?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन, रूपांतरण कर व लागू असलेल्या इतर रकमा भरल्यावर, बिनशेती वापरासाठी रूपांतरित झाली असे मानण्यात येते. मात्र तिचा वापर प्रादेशिक योजनेतील झोनप्रमाणेच करावा लागतो. जमीन भोगवटादार वर्ग 2 (शासनाच्या अटींवर धारण केलेली) असेल तर नजराण्याचा, म्हणजे शासनाला द्यायच्या रकमेचा, प्रश्न वेगळा उभा राहतो. आणि मुख्य म्हणजे बिनशेती रूपांतर व बांधकाम परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

प्रश्न: प्रारूप विकास आराखड्यात आमच्या घरावरून रस्ता दाखवला आहे असे शेजारी म्हणतात. नकाशा आम्हाला वाचता येत नाही. आता काय करावे?

आराखडा प्रसिद्ध झाल्याचा दिनांक आधी पाहावा, कारण हरकत घेण्याची मुदत कलम 26 खाली तीस दिवसांची आहे. नगररचना विभागातून आपल्या सर्व्हे क्रमांकाचा किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाचा भाग नकाशा मागून घ्यावा आणि तो मोजणी नकाशासोबत ठेवून पाहावा. हरकतीसाठी छापील मजकुरावर सही करण्याऐवजी स्वतःच्या शब्दांत लिहावे: मिळकत कोणती, बांधकाम कोणत्या परवानगीने व केव्हा झाले, आणि रस्ता कोठून वळवता येईल. पर्याय दाखवणारी हरकत समितीला विचारात घेणे सोपे जाते. कलम 28 प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या समितीत स्थायी समितीच्या तीन सदस्यांसह जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावणीची सूचना आल्यावर मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहावे.

हरकतीनंतरही रस्त्यासाठीचे आरक्षण कायम राहिले तरी ते अनंतकाळ टिकत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादित करा अशी मालकाची नोटीस, बजावता येते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्यासाठी आराखडा मंजुरीच्या अधिसूचनेची प्रत आजच मिळवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी.