चार पराभव आणि दोन पानांचा अहवाल

भुसावळ

चि. खेळाडूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमचा फुटबॉल संघ सलग चार सामने हरला, मालकांनी कोचला काढायचं जवळजवळ ठरवलंय आणि आकडे काय म्हणतात ते दोन पानांत दे, असं तुला सांगितलंय. विश्लेषक म्हणून लागून तुला वर्षही झालं नाही, आणि एका माणसाच्या पोटावर पाय येईल असा कागद तुझ्या हातून लिहून घेतायत. घाबरलायस ते बरं आहे. न घाबरता असले कागद लिहिणारे मी रेल्वेतही पाहिले आणि मैदानावरही.

आधी गुणतक्ता मिटून ठेव. हंगाम संपतो तेव्हा तो बराचसा खरं बोलतो, चार सामन्यांत नाही. फुटबॉलमध्ये गोलच मुळात कमी. मोठ्या लीगमध्ये सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून अडीच-पावणेतीन. आपल्याकडच्या पोरांचा जीव कबड्डीत, तिथे दोघांचे मिळून साठ-सत्तर गुण होतात. एक पकड सुटली तर पुढच्या चढाईत भरून काढता येते, आणि सरस संघ बहुतेक वेळा जिंकतो. इथे चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला की सगळ्या आठवड्याचा सराव पाण्यात.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला ३ जानेवारी २०१९ चा मँचेस्टर सिटी-लिव्हरपूल सामना काढून बघ. शून्य-शून्य असताना लिव्हरपूलच्या मानेचा फटका खांबावर आपटला. सिटीच्या स्टोन्सने चेंडू बाहेर मारायला पाय घातला तर तो स्वतःच्याच गोलकीपरच्या अंगावर आदळून गोलकडे निघाला, आणि स्टोन्सनेच धावत जाऊन रेषेवरून ओढून काढला. चेंडू पूर्ण आत जायला जेमतेम एक सेंटिमीटर कमी पडला. सिटीने सामना २-१ जिंकला. त्या हंगामात लीगमध्ये लिव्हरपूल तेवढा एकच सामना हरलं. शेवटी सिटीचे ९८ गुण, लिव्हरपूलचे ९७. त्याच्या तीनच वर्षं आधी त्याच लीगमध्ये लेस्टर हा छोटा क्लब ८१ गुणांवर विजेतं झालं होतं. आता ९७ वाला संघ ८१ वाल्यापेक्षा कच्चा, असं कुणी म्हणेल का? पण कपाट उघडलं तर चषक लेस्टरच्याच कपाटात आहे.

लेस्टरचं उदाहरण तुझे मालक देणारच, सगळे देतात. हंगामाआधी त्यांच्या जिंकण्यावर सट्ट्यात पाच हजाराला एक असा भाव होता, म्हणून ती निव्वळ नशिबाची गोष्ट वाटते. तसं नाही. वार्डी बिगरलीग फुटबॉलमधून, म्हणजे व्यावसायिक लीगच्याही खालून आणलेला, माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून, कान्ते तिथल्याच काँ या लहान क्लबातून. हे तिघे खेळाडू हेरणं ही नजर होती, आणि नजर म्हणजे कौशल्यच. पण तिघांचाही बहर एकाच वर्षी आला, दुखापती फारशा झाल्या नाहीत आणि त्याच वर्षी चेल्सी घसरून दहाव्या जागी गेली, हे काही लेस्टरच्या ऑफिसात ठरलं नव्हतं. पुढच्या वर्षी कान्ते चेल्सीला गेला, चेल्सी जिंकली. लेस्टर बारावं आलं. ज्या रानिएरीला, लेस्टरच्या कोचला, लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, त्याला फेब्रुवारी २०१७ मध्ये घरी पाठवलं. माझ्या मते नऊ महिन्यांपूर्वी त्याला जरा जास्तच श्रेय मिळालं होतं आणि काढताना जरा जास्तच दोष. दोन्ही वेळा माणूस तोच होता.

आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात ना, तिथला मुरलेला गडी एका डावावरून कुणाला शहाणा ठरवत नाही. पानं वाईट आली तेव्हा हा किती कमी हरला, ते तो बघतो. तुझ्या अहवालात मला तेवढंच हवंय.

म्हणजे काय करायचं? चारही सामन्यांतला प्रत्येक फटका कुठून मारला, मध्ये किती माणसं होती, डोक्याने की पायाने, हे मांड. तुझ्याकडे एक्सजी (संधी किती चांगली होती याचा आकडा) काढायची सोय आहेच. मालकांना तो शब्द सांगू नकोस, एवढंच सांग की अशा जागेवरून शंभर फटके मारले तर साधारण किती आत जातात. पेनल्टी वेगळी काढ. ती चारातली तीनदा जातेच, त्यावरून संघाची चाल कळत नाही. लाल कार्डानंतर दहा माणसांवर खेळलेली मिनिटंही वेगळी धर. मग बघ, संधी आपण जास्त केल्या की समोरच्याने. आपण जास्त केल्या असतील तर कोचला हात लावू नका, असं स्पष्ट लिही. समोरच्याने दुप्पट केल्या असतील तर तेही तितकंच स्पष्ट लिही. कोच भला माणूस आहे हे मला ठाऊक आहे, पण अहवालात त्या भलेपणाला जागा नाही.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचं २०१४-१५ बघ. आदल्या हंगामात दुसरा आलेला संघ अर्धी लीग संपली तेव्हा अठरात सतरावा होता. गोल करणारा लेवांडोव्स्की सोडून गेला होता, तेव्हा सगळंच नशिबावर ढकलता येणार नाही. पण ज्यांनी नुसते गोल न मोजता संधी मोजल्या त्यांना दिसत होतं की संघ सतराव्या जागेचा नाही. शेवटी सातवे आले. त्यांचा कोच क्लॉप तिथून निघाला, आणि त्याच ऑक्टोबरात लिव्हरपूलने त्याला घेतलं. पुढचं तुला सांगायला नको.

कोच बदलला की संघ सुधारतो असं मालक म्हणतील, आणि दाखलेही देतील. त्यांना विचार, कोच बदलतात कधी? सगळं तळाला गेल्यावर. तिथून पुढे नुसतं नेहमीसारखं खेळलं तरी वरच जाणार, आणि श्रेय नव्या माणसाला.

खेळाडू निवडतानाही हाच घोळ होतो. इथे भुसावळला निवडचाचण्या उन्हाळ्यात, साडेचार-पाचला. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गोलकीपरच्या थेट डोळ्यांत सूर्य. उंच क्रॉस आला की तो हाताने डोळे झाकतो, चेंडू दिसेपर्यंत उशीर, आणि एक गोल डोक्यावरून. अमळनेरकडचे एक गृहस्थ कडेला बसून म्हणाले, "हाऊ गोली काई कामना नही." बाजू बदलल्यावर दुसऱ्या टोकाचा 'चांगला' गोलकीपरही तसाच डोळे झाकायला लागला, तोवर यादी लिहून झाली होती. टॉस कुणी जिंकला यावर एका पोराचं वर्ष गेलं. दोन्ही बाजूंनी खेळवल्याशिवाय कुणाचं नाव कापू नकोस. आणि वयोगटाच्या संघात जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली पोरं जास्त का दिसतात, तेही ध्यानात ठेव. ती त्याच वर्षाच्या डिसेंबरातल्या पोरापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी थोराड असतात. (आपल्याकडे मास्तरांनी गावच्या गाव १ जूनला जन्माला घातलंय, त्यामुळे तो हिशेब आणखीच अवघड.)

कौशल्य ओळखायची एकच खूण मला भरवशाची वाटते: ते परत परत दिसतं. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ब्रेंटफर्ड क्लबने मोपे हा आघाडीचा खेळाडू आणला, गोल करवून घेतले, २०१९ मध्ये ब्रायटनला विकला. त्याच्या जागी कोण? एक्सिटरहून आणलेला वॉटकिन्स, जो बाजूने खेळायचा. त्याला मध्ये आणला, पुढच्या हंगामात लीगमध्ये २५ गोल, मग ॲस्टन व्हिला क्लबला विकला. त्याच्या जागी पीटरबरोचा टोनी, त्याने लीगमध्ये ३१ केले आणि २०२१ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये. आदल्याच वर्षी हेच लोक फुलहॅमकडून प्लेऑफची, म्हणजे वरच्या श्रेणीत जायची अंतिम लढत हरले होते. तेव्हा त्यांनी कोच काढला नाही.

आपल्या देशातलं हवं असेल तर मिझोरामचा ऐझॉल क्लब. २०१६ मध्ये ते आय-लीगमधून, तेव्हाच्या आपल्या अव्वल लीगमधून, खाली गेले होते. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत आले. हे झालं नशीब. पण त्यांचे कोच खालिद जमील यांनी आधीच्या मुंबई एफसी क्लबात जवळून पाहिलेले जयेश राणे, आशुतोष मेहता तिथे आले, आणि त्या संघाने १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून मोहन बागानला एका गुणाने मागे टाकलं, ते नशिबावर कसं घालणार?

अहवालासोबत एक बंद पाकीट दे. पुढच्या दहा सामन्यांत आपल्याला किती संधी मिळतील, किती गुण होतील, तुझा अंदाज आत्ताच लिहून तारीख टाक. निकाल लागल्यावर सगळ्यांनाच सगळं आधीपासून माहीत असतं. तुझा अंदाज चुकला तर कुठे चुकला हे तरी कळेल.

स्वतःच्या कराराचंही विचारलं होतंस. एक वर्षाचा जास्त पगाराचा की दोन वर्षांचा कमी पगाराचा? दोन वर्षांचा घे. तुलाही ते चार सामन्यांवरच मोजणार आहेत.

तुझा,
सर