पंधरापैकी बारा दिवस गणपतीत गेले

कुडाळजवळ मोबाइल आणि गेम कन्सोल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकाचा ई-मेल आला आहे. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी पोलीस दुकानात आले, बरोबर एका कंपनीचा माणूस होता. चार कन्सोल, एक लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क जप्त झाल्या. चारपैकी दोन प्लेस्टेशन नुसते दुरुस्तीला आलेले, एकाचा एचडीएमआय पोर्ट तुटलेला, दुसऱ्याचा पंखा घरघरत होता. उरलेल्या दोघांत गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून 'जेलब्रेक' करून, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं कुलूप तोडून, गेम भरून दिले होते. अटक झाली नाही, नोटीस देऊन सोडलं. 'चार्जशीटच्या वेळी बोलावू' असं साहेब म्हणाले. वाचकाचे प्रश्न तीन. कन्सोल उघडणं गुन्हा आहे का, शिक्षा किती होईल, आणि मुंबईचं गिऱ्हाईक आपला पीएस-फोर मागतंय त्याला काय सांगू?

स्क्रू काढायला कुठल्याही कायद्याची मनाई नाही, त्यामुळे पहिला प्रश्न सोडून देतो. ज्यावर सगळं अडलंय तो प्रश्न मात्र त्यांनी विचारलेलाच नाही. जप्तीला किती दिवस झाले?

ई-मेल मला गुरुवारी रात्री मिळाला, घरचे पाच दिवसांचे गणपती विसर्जन करून त्यांनी तो लिहिला होता. म्हणजे बारावा दिवस. मी लगेच फोन केला. 'वकील गाठलात का?' तर उत्तर आलं, 'घरात गणपती होते ना, म्हटलं गणपती जाऊंदेत, मगे बघूया.' कोकणात वकिली करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची फी लावायला हवी होती. मोबाइलवाले, झेरॉक्सवाले, लग्नाच्या व्हिडीओला सिनेमाची गाणी जोडून देणारे, सगळे जप्तीनंतर असेच स्वस्थ बसतात आणि दोन महिन्यांनी फाइल घेऊन येतात.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६४. पोटकलम १ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या बनवण्याची साधनं जप्त करता येतात. ही ओळ सगळ्यांना माहीत असते, कारण तिचा अनुभव दुकानात येतो. पोटकलम २ कोणी वाचत नाही. जप्त वस्तूंत ज्याचा हितसंबंध आहे त्याने जप्तीपासून पंधरा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे त्या परत मागण्याचा अर्ज करायचा असतो. 'हितसंबंध' हा शब्द मुद्दाम सांगतो. मालकच पाहिजे असं नाही. दुरुस्तीसाठी वस्तू ताब्यात घेतलेला दुकानदार अर्ज करू शकतो, आणि मुंबईचं गिऱ्हाईकही स्वतंत्रपणे करू शकतं.

जप्तीचा दिवस धरून मोजला तर पंधरावा दिवस रविवारी येतो, सोडून मोजला तर सोमवारी. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी केलेला अर्ज वेळेत धरावा, अशी तरतूद जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १० मध्ये आहे. असा युक्तिवाद मी दुसऱ्यासाठी करीन, स्वतःच्या अशिलाला त्यावर झोपू देणार नाही. 'उद्या शुक्रवार, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उद्याच अर्ज गेला पाहिजे,' एवढंच फोनवर सांगितलं. बाकीचं इथे लिहितोय, त्यांच्यासाठी आणि पुढच्या चतुर्थीच्या वाचकांसाठी.

अर्ज एकच करा, पण दोन पायांवर उभा करा. हार्ड डिस्कमधले गेम 'प्रती' ठरू शकतात. लॅपटॉपला फिर्यादी 'प्लेट' म्हणेल, आणि ते ऐकायला विचित्र वाटलं तरी कायद्याच्या व्याख्येत प्रती काढायचं उपकरण 'प्लेट'मध्ये येतं. या तिघांसाठी कलम ६४(२). दुरुस्तीला आलेले दोन कन्सोल मात्र माझ्या मते प्रतही नाहीत आणि प्लेटही नाहीत. त्यांच्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७. तिथे पंधरा दिवसांची अट नाही. मग घाई कशाला, असं विचाराल. अर्ज नसला की वस्तू मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, आणि खटला कधी संपेल हे मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये असं बजावलं. तरी आपल्याकडच्या ठाण्यांच्या अंगणात गंजलेल्या मोटारसायकली कोणीही जाऊन मोजाव्यात. आणि कन्सोल मोटारसायकलपेक्षा नाजूक. भाद्रपदातल्या दमट खोलीत बोर्डावर हिरवट बुरशी चढायला किती दिवस लागतात, हे वाचकाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

जेलब्रेक केलेले दोन कन्सोल इतक्यात मिळतील असं मी म्हणणार नाही. लॅपटॉपचंही तपास अधिकाऱ्यावर आणि तपासणीच्या अहवालावर अवलंबून.

आता पंचनामा. त्याची प्रत त्यांनी पाठवली आहे. न वाचता सही केली, असंही कळवलंय. निदान घरी येऊन तरी वाचायचा! नोंद अशी: 'काळ्या रंगाचे चालू स्थितीतील व्हिडीओ गेम, नग ४, अंदाजे किंमत प्रत्येकी ५,००० रुपये.' चारही चालू स्थितीतील. एचडीएमआय पोर्ट तुटलेल्या कन्सोलचं चित्र टीव्हीवर येणार कसं? सिरीयल नंबर एकाचाही नाही. याचा अर्थ दुकानात कोणीही कन्सोल लावून बघितला नाही. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या गिऱ्हाइकाने तुटलेल्या पिनांचा फोटो पाठवलेला आहे, मागच्या बाजूच्या स्टिकरवरचा नंबरही त्यात दिसतो. तो फोटो तारखेसह अर्जाला जोडा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम ६३(४) चं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. (साक्ष अधिनियमाचं ६३, कॉपीराइटचं नव्हे. संसदेने आकडे जुळवून आमची गंमत केली आहे.) झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करणं आता संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. त्याची प्रत त्याच अर्जात मागा. चित्रीकरण झालंच नसेल, तर तेही लेखी उत्तरात यायला हवं.

एवढं झाल्यावर तुमची बाजू कमजोर कुठे आहे, ते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-अ. कॉपीराइट जपणारं सॉफ्टवेअरमधलं कुलूप तोडणं हा तिथे आपोआप गुन्हा होत नाही, हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तोडलं तर होतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे सगळा खेळ उद्देशाचा. कंट्रोलरची काडी आपोआप सरकते म्हणून तिथे हॉल सेन्सरची, म्हणजे चुंबकावर चालणारी, काडी बसवली, तर कुठलंही कुलूप तुटत नाही. पण तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला काय होतं? 'पीएस-फोर जेलब्रेक + ४० गेम, फक्त २,५००, गणपती ऑफर.' खाली मोदकाचं चित्र. कंपनीच्या माणसाने तोच स्क्रीनशॉट फिर्यादीला जोडला आहे. उद्देश सिद्ध करायचे सरकारी वकिलाचे कष्ट तुम्हीच वाचवून दिलेत!

याच कलमात दुकानदारांसाठी एक वाक्य आहे, तेही कोणी वाचत नाही. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप काढून द्यायचं असेल, तर त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि काम कशासाठी होतं याची पूर्ण नोंद ठेवायची. २०१२ पासून हा नियम आहे. तुमच्याकडे जॉब कार्ड नाही, वही नाही, 'बांद्याचो बाबू' आणि 'मुंबयवालो' अशा नावांनी सेव्ह केलेले नंबर आहेत. खरोखर कायदेशीर काम केलं असलं तरी ते दाखवायला कागद नाही.

शिक्षेचं विचारलंत. फिर्यादीत कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालयाला कमी शिक्षेची मुभा आहे, पण वरच्या स्टेटसनंतर त्या बाजूला वळू नका. २०२२ च्या निट प्रो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. तुम्हाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडलंय, तिचं पालन करा, बोलावतील त्या दिवशी जा. अटकेची कुणकुण लागली तर ओरोसच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा. फिर्याद रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जायची भाषा शेजारी करत असतील. आता त्याचं सर्किट बेंच कोल्हापूरला असलं तरी घाट चढायच्या आधी तुमच्या वकिलाशी बोला. मला आज त्याचा फायदा दिसत नाही. यूट्यूबवर गॅरी बाउझरला ४० महिने झाल्याचं ऐकून झोप उडाली, असं लिहिलंत. ती २०२२ मधली अमेरिकेतली शिक्षा, मोडचिपच्या, म्हणजे कन्सोलचं कुलूप तोडणाऱ्या चिपच्या, मोठ्या धंद्यातल्या माणसाला. ते कायदे वेगळे, ते आकडे वेगळे.

मुंबईचं गिऱ्हाईक. त्याचा कन्सोल दुरुस्तीचा असो वा जेलब्रेकचा, 'पोलिसांनी नेला' एवढं सांगून तुमची जबाबदारी संपत नाही. दुरुस्तीला घेतलेली वस्तू शहाणा माणूस आपली वस्तू जपेल तशी जपायची, हे करार कायद्याचं कलम १५१. तुमच्याच स्टेटसमुळे धाड पडली असं तो म्हणाला, तर वाद कोणाच्या बाजूने जाईल हे आज सांगणं धाडसाचं होईल. पैसे परत करायची घाई करू नका, फोनवर भांडूही नका. लेखी कळवा, पंचनाम्याची प्रत द्या, आणि त्याच्याकडे खरेदीचं बिल असेल तर त्याला स्वतःचा अर्ज शुक्रवारीच करायला सांगा. मुंबईचा माणूस सुट्टी संपवून परत निघाला असेल, तर रातराणीत बसायच्या आधी वकीलपत्रावर त्याची सही घ्या.