रिटायर झालेले वडील पुन्हा कामाला जातो म्हणतात

"लोकं म्हणतील, पोरगा बापाला पोसत नाही." माझ्याकडं सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य या ना त्या रूपात येतंच. सांगलीच्या विश्रामबागेतून आलेल्या या मुलाच्याही आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील, म्हणजे आप्पा, कुपवाड एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारे कारागीर होते. ५८ ला रिटायर, आता ६२. जुन्या मालकानं परत बोलावलं आणि घरात अबोला सुरू झाला.

आप्पांशी एकटं बोलले. "दिवसभर सुनेच्या पायात पायात येतोय," एवढंच आधी म्हणाले. पैशाचा विषय बऱ्याच वेळानं निघाला. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन गुडघ्याच्या औषधालाही पुरत नाही, आणि दर महिन्याला मुलाकडं मागायचं जिवावर येतं. मुलाला याचा पत्ताच नव्हता. तो न मागता देत होता, पण देताना विचारायचा, "कशाला पाहिजेत?"

कामाला लागलं की पेन्शन बंद होईल, ही भीती दोघांनाही होती. तसं होत नाही. ५८ नंतर नोकरी धरली तरी ईपीएसची पेन्शन चालू राहते. पेन्शनबद्दल असे प्रश्न असतील तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

मग 'जायचं की नाही' हा वाद मी बाजूलाच ठेवायला लावला. कुठलं काम आणि किती तास, ते बोला म्हटलं. आठ तास लेथवर उभं राहणं आता जमणार नव्हतं. रात्री समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येतो, म्हणजे रात्रपाळीही नको. ठरलं ते असं: सकाळचे चार तास, नव्या अप्रेंटिस पोरांना टूल घासायला आणि मायक्रोमीटर वाचायला शिकवायचं, बसून जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग तपासायचे. मालक लगेच तयार झाला. हातात कसब असलेला माणूस त्यालाही शोधून मिळत नव्हता, उपकार वगैरे काही नाही.

पगाराचं मात्र आप्पा "द्याल ते द्या" म्हणून आले होते. इथं मी अडून बसले. 'वेळ जातोय ना' म्हणत म्हाताऱ्या माणसाला निम्म्या पैशात राबवून घेणारे कमी नाहीत. आकडा ठरल्याशिवाय जाऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. परत जाऊन त्यांनी तासावर दर ठरवून घेतला.

मुलगा अजून पाहुण्यांना "आप्पा कन्सल्टंट आहेत" असं सांगतो. सांगू दे. पगार आप्पांच्या खात्यात जमा होतो आणि पासबुक त्यांच्याकडंच असतं, हे मी त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.